वीस लाखांच्या आत आहे, असं मला वाटत होतं

माझं माहेर अकोल्याचं. लग्न होऊन २०१४ साली नांदगाव पेठला आले. यांची नोकरी एमआयडीसीतल्या कापड गिरणीत, पाळीची. माझं बीसीए झालेलं होतं, पण अमरावतीला रोज नोकरीसाठी जाणं-येणं घरच्या व्यापात जमेना. म्हणून घरी बसूनच वेबसाइट बनवायला लागले. पहिलं काम गावातल्या एका शिकवणी वर्गाचं होतं. त्याचे तीन हजार मिळाले, तेही दोन हप्त्यांत.

आमच्या गावाजवळ हायवेवर बिझिलँड, सिटीलँड, ड्रीमलँड ही कापडाची मोठी ठोक मार्केटं आहेत. विदर्भातले दुकानदार तिथे माल भरायला येतात. लॉकडाउनमध्ये तिथलं गिऱ्हाईक थांबलं आणि व्यापारी एकदम ऑनलाइनच्या मागे लागले. अमरावतीला तर फेब्रुवारी २०२१ मध्ये, बाकी महाराष्ट्राच्या आधीच, पुन्हा लॉकडाउन लागला होता. त्या दोन-तीन महिन्यांत मला जेवढे फोन आले तेवढे आधीच्या तीन वर्षांत आले नव्हते. कुणाला कॅटलॉग हवा होता, कुणाला वेबसाइट, कुणाला गुगल-फेसबुकवर जाहिरात.

त्याच वर्षी मेलबर्नहून कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिची तिकडे छोटी वेब एजन्सी आहे. तिच्या ग्राहकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम तिनं मला दिलं. पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये यायचे आणि बँकेत रुपये होऊन जमा व्हायचे.

जीएसटी माहीत नव्हता असं नाही. १ जुलै २०१७ ला तो लागला तेव्हा शेजारच्या दुकानदाराला बिलाचा नमुना मीच एक्सेलमध्ये करून दिला होता. पण आपल्या कामाबद्दल मी डोक्यात तीन गोष्टी पक्क्या धरून बसले होते. एक, सेवेसाठी मर्यादा वीस लाखांची आहे आणि आपण तिच्या आत आहोत. दोन, परदेशातून आलेल्या पैशांवर जीएसटी नाही, म्हणजे ते मोजायचेच नाहीत. तीन, ऑनलाइन कामात माल हलत नाही, गाडी नाही, गोदाम नाही, त्यामुळे आपल्याला कोण विचारणार. यातली अर्धीच गोष्ट खरी होती. आणि अर्धं खरं माहीत असलेला माणूस कुणाला विचारायलाही जात नाही.

सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, एकदा विचारलं होतं. ते जिनिंगमध्ये दिवाणजी होते. त्यांच्या तोंडी अजूनही सेल्स टॅक्सच. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, मग २००५ चा व्हॅट, दोन्हींची रजिस्टरं त्यांनी लिहिलेली.

"पोरी, तुह्या कामाले सेल्स टॅक्स लागत नाई का?"

"मामाजी, ते मालाले असते. माह्यं काम ऑनलाइन हाय."

ते गप्प बसले. मलाच तेव्हा आपण फार हुशार वाटलो.

सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, बिझिलँडमधल्या एका व्यापाऱ्यानं माझं बिल परत केलं. मोठ्या रकमेचं होतं, दिवाळीच्या जाहिरातीसकट.

"ताई, सीएनं वापस केलं. जीएसटी नंबर नाही म्हणते. मले क्रेडिट पायजे ना."

मी म्हटलं, मला लागत नाही, मी छोटी आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही फक्त माह्याकडून वर्षाचे पाच लाख नेता. छोटे कायचे?"

त्या पाच लाखांत साडेतीन लाख जाहिरातीचे होते. ते माझे नव्हतेच. त्यांच्याकडून घ्यायचे आणि माझ्या कार्डावरून गुगलला भरायचे. तसं मी त्यांना सांगितलंही. पण बिल एकाच रकमेचं होतं: 'डिजिटल मार्केटिंग, एकूण इतके'. ते बिलाकडे बघत राहिले आणि मीही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला पंचवटी चौकाजवळ एका सीए बाईंकडे गेले. त्यांनी आधी बँकेचं स्टेटमेंट मागितलं. मग एका कागदावर २०२२-२३ चे तीन आकडे मांडले. इथल्या कामाचं माझं मानधन ८,७०,०००. जाहिरातीचे, माझ्या बिलातून गेलेले ६,४०,०००. मेलबर्नचे ५,६०,०००. खाली रेघ मारून बेरीज केली: २०,७०,०००.

"मेलबर्नवर कर नाही ना?" मी विचारलं.

"कर शून्य आहे. मोजणीतून सुटका नाही," त्या म्हणाल्या.

मर्यादा मोजायची ती तुमच्या पॅनवरच्या देशभरच्या एकूण उलाढालीवर. तिच्यात करपात्र, करमाफ आणि निर्यात, तिन्ही धरतात. निर्यातीवर कर भरायचा नसला तरी ती बेरजेत येते. हे मला कुठेच खटकलं नव्हतं, कारण मी बेरीजच केली नव्हती.

जाहिरातीचे पैसेही माझेच धरले गेले. ग्राहकाच्या वतीनं आपण नुसते पैसे पुढे पाठवले, तर ते उलाढालीतून वगळता येतात. पण त्यासाठी ग्राहकानं तसा अधिकार दिलेला हवा. बिलात ती रक्कम वेगळी दाखवलेली हवी आणि जेवढे भरले तेवढेच घेतलेले हवेत. माझं बिल गोळाबेरजेचं होतं. वरून त्या जाहिरातींवर कंपनीनं माझ्याकडून आधीच १८ टक्के घेतलेले. म्हणजे त्याच पैशावर एकदा मी कर भरला होता आणि आता पुन्हा भरायचा होता.

मी मर्यादा ओलांडली होती मार्च २०२३ मध्ये, होळीच्या दोन दिवस आधीच्या एका बिलानं. मी शेवटचा आधार काढला. एप्रिलमध्ये नवं वर्ष लागतं, मीटर पुन्हा शून्यावर येत नाही का? सीए बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हसू आलं असावं. मीटर शून्यावर येतं, तुमची जबाबदारी येत नाही, एकदा ओलांडली की नोंदणी घ्यावीच लागते, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं तेच मला सगळ्यात लागलं. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज केला असता, तर नोंदणी त्या ओलांडल्याच्या तारखेपासून लागू झाली असती. मधल्या काळातली बिलं सुधारून कर लावून देता आली असती. व्यापाऱ्यांनी तो कर दिला असता, कारण त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम त्यांच्या भरायच्या करातून वजा होते. माझ्या खिशातून काहीच गेलं नसतं. ३० दिवस उलटले की नोंदणी प्रमाणपत्र मिळेल त्या तारखेपासून. कर मात्र ओलांडल्यापासूनचा द्यायचा, आणि तो मागायला ग्राहकाकडे जायची सोय नाही. आम्ही सहा महिने उशिरा होतो.

घरी आले. यांची रात्रपाळी होती. मामाजींना काही सांगितलं नाही. पोळ्या करताना दोन करपल्या, त्या मीच खाल्ल्या.

त्याच आठवड्यात दोन सल्ले मिळाले. पहिला एका एजंटाचा. म्हणाला, नोंदणी करून देतो, आठ हजार लागतील, सरकारी फी असते. सरकारी फी शून्य आहे. पोर्टलवर कुणालाही अर्ज करता येतो. सीएला द्याल ती त्यांची मेहनत, फी नव्हे. दुसरा सल्ला ओळखीच्या एका माणसाचा. अर्धी बिलं नवऱ्याच्या पॅनवर काढा, दोघंही वीस लाखांच्या आत राहाल. खोटं कशाला बोलू, एक रात्र मी त्याचा विचार केला. यांनाही विचारलं. हे म्हणाले, "मले वेबसाइटचा व समजत नाही. साहेबानं इचारलं त काय सांगू?" विषय तिथेच संपला. सकाळी सीए बाईंना बोलले तर त्या म्हणाल्या, काम एकाच माणसाचं, ग्राहक तेच, लॅपटॉप तोच. पकडलं की ती चूक राहत नाही, लबाडी होते, आणि लबाडीचा दंड वेगळा असतो.

आणखी एक कबुली इथेच देते. २०२१ मध्ये एका कोटेशनवर मी 'जीएसटी एक्स्ट्रा' असं लिहिलं होतं. नंबर नव्हता. मोठ्या कंपनीसारखं दिसावं म्हणून लिहिलं. ते काम मिळालं नाही म्हणून वाचले. नोंदणी नसताना जीएसटी गोळा करायला कायद्यानंच मनाई आहे, आणि केला तर तो सरकारला भरावाच लागतो.

२२ सप्टेंबरला अर्ज केला. पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील, जागेचा पुरावा. सगळं सरळ झालं, जागेवर अडलं. घर मामाजींच्या नावावर आहे, पण विजेचं बिल अजून त्यांच्या वडिलांच्या नावानं यायचं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण बिल भरलं जातंय तोवर नाव कोण बघतं. खात्याकडून पोर्टलवर शंका आली: बिलावरच्या व्यक्तीचा अर्जदाराशी संबंध काय? उत्तराला सात कामाचे दिवस असतात. ईमेल स्पॅममध्ये गेला होता. तिसऱ्या दिवशी पोर्टल उघडून बघितलं म्हणून कळलं. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ आणला, घरपट्टीची पावती जोडली, मामाजींचं संमतीपत्र घेतलं.

संमतीपत्रावर सही घ्यायची म्हणजे सगळं सांगावं लागलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, सही केली. मग म्हणाले, "मी इचारलं व्हतं तुले." बस्स, एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबरला प्रमाणपत्र आलं. नंबर २७ नं सुरू होतो, तो महाराष्ट्राचा कोड. त्यापुढे आपलाच पॅन. हा नंबर दारावरच्या पाटीवर लावावा लागतो आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी. आम्ही पाटी लावली तर दोन दिवस शेजारच्या बाया विचारत होत्या, "वहिनी, दुकान टाकलं का?" एकीनं तर साड्या पाहायच्या म्हटलं.

आता मागची बाकी. मार्चपासून प्रमाणपत्र मिळेपर्यंत इथल्या ग्राहकांची बिलं होती ८,००,००० ची. १८ टक्के म्हणजे १,४४,००० असं मी धरून चालले होते. सीए बाईंनी सांगितलं की बिलात कर वेगळा असं कुठेही म्हटलेलं नाही, त्यामुळे घेतलेली रक्कम करासकट धरायची. नियमात तसा हिशेब आहे. ११८ तले १८. ते झाले १,२२,०३४. त्यावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज, महिन्यागणिक मोजून, सात हजारांच्या घरात. हे सगळं डीआरसी-०३ या फॉर्मनं स्वतःहून भरलं. नोटीस यायच्या आत कर आणि व्याज भरलं आणि लबाडीचा प्रश्न नसेल, तर दंड लागत नाही. माझ्या बाबतीत तेवढं साधलं. ते पैसे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवले होते. ओटा पुढे दीड वर्षानं झाला.

मेलबर्नच्या बिलांचं वेगळं प्रकरण. काम निर्यात ठरायला काही अटी आहेत. आपण भारतात, घेणारा भारताबाहेर, सेवेचं ठिकाण भारताबाहेर, आणि पैसे परकीय चलनात आलेले. माझ्याकडे पैसे आल्याचा पुरावा म्हणजे फक्त मोबाइलवरचे मेसेज होते. बँकेकडून प्रत्येक रकमेचं पत्र मागवलं. पैसे मधल्या एका पेमेंट कंपनीतून येत, म्हणून तिच्याकडूनही कागद काढावे लागले. त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही परदेशी काम करत असाल तर ते पत्र त्याच महिन्यात काढून ठेवा, वर्षानं मागितलं की फार फिरावं लागतं.

कर न भरता निर्यात करायची तर दर आर्थिक वर्षाला पोर्टलवर हमीपत्र द्यावं लागतं. त्याला सगळे एलयूटी म्हणतात. पैसे लागत नाहीत, दहा मिनिटांचं काम. पण ते मार्चअखेर संपतं. बिलावरही एलयूटीखाली कर न भरता निर्यात असं लिहायचं.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडेही जीएसटीच आहे, तोही १ जुलैपासूनच, फक्त २००० सालचा, आणि १० टक्के. तिकडच्या करात काही उमगत नाही म्हणून ती कधीची एका हिशेबनीसाला पैसे देते. वर म्हणाली, अमेरिकेत असतीस तर वेडी झाली असतीस. तिचं एक गिऱ्हाईक टेक्सासात आहे. तिथे वेब होस्टिंगवर राज्याचा विक्रीकर लागतो, पण रकमेच्या ८० टक्क्यांवरच. कॅलिफोर्नियात ऑनलाइन वापराच्या सॉफ्टवेअरवर लागत नाही. आपल्याकडे निदान वेबसाइट अमरावतीत बनवा की मुंबईत, १८ म्हणजे १८.

नोंदणीनंतरही दोनदा चुकले.

पहिली चूक पांढुर्ण्याची. वरुडच्या पलीकडे, गोटमारीचं पांढुर्णा. तिथला एक संत्रा व्यापारी माझा ग्राहक. तो बोलतो आपल्यासारखाच, येतो आमच्याच बाजारात. मी सवयीनं त्याच्या बिलावर ९ टक्के केंद्राचा, ९ टक्के राज्याचा असा कर लावला. पण पांढुर्णा मध्य प्रदेशात. त्याचा नंबर २३ नं सुरू होतो. तिथे १८ टक्के एकात्मिक कर, आयजीएसटी, लावायला हवा होता. रक्कम तेवढीच, पण खातं वेगळं. विवरण भरायच्या आधी लक्षात आलं म्हणून बिल बदलून भागलं. विवरण गेलं असतं तर योग्य खात्यात पुन्हा भरून चुकीच्या खात्यातला परतावा मागत बसावं लागलं असतं. आता बिल करताना मी गावाचं नाव वाचत नाही, नंबराचे पहिले दोन आकडे वाचते.

दुसरी चूक परदेशी खरेदीची. वेबसाइटच्या थीम आणि प्लगइन मी परदेशी कंपन्यांकडून डॉलरमध्ये घेते. नोंदणीआधी त्या कंपन्या बिलातच १८ टक्के लावायच्या, कारण नोंदणी नसलेल्या भारतीय ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकली की कर भरायची जबाबदारी त्यांचीच. नंबर मिळाल्यावर मी तो त्यांच्या खात्यात टाकला आणि कर गायब झाला. मला वाटलं, काय सोय आहे! दोन महिने खूश होते. सीए बाईंनी खर्चाची यादी बघितली आणि विचारलं, याचा उलटा कर भरला का? नोंदणी असली की परदेशी सेवेवरचा कर घेणाऱ्यानंच भरायचा. आधी रोखीनं भरायचा, मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. खरेदी होती १२,६०० ची, कर २,२६८. क्रेडिट मिळालं, पण उशिराचं व्याज गेलं. थोडंच होतं, तरी ते भरताना जास्त चीड आली.

ग्राहकांचं काय झालं तेही सांगते. बिझिलँडच्या व्यापाऱ्यांना काहीच फरक पडला नाही. १५,००० च्या बिलावर २,७०० कर, ते त्यांना क्रेडिट मिळतं. उलट ज्यांनी बिल परत केलं होतं, त्यांनी पुढच्या महिन्यात त्यांच्या भावाचं काम पाठवलं. अडचण छोट्यांची झाली. शिकवणीवाले सर महिना ४,००० द्यायचे. त्यांची नोंदणी नाही, क्रेडिट नाही. त्यांच्यासाठी ४,७२० म्हणजे खरेच ७२० जास्त. ते पहिल्यापासूनचे, म्हणून ४,००० करासकट ठेवले. माझ्या हाती ३,३९० उरतात. असे पाच जण ठेवले. चौघं सोडून गेले.

मोर्शीकडच्या एका शेतकरी गटाची वेबसाइट केली होती, पेटीनं संत्री विकायची. त्यांचा प्रश्न मला अजून आठवतो. "ताई, संत्र्याले टॅक्स नाई, मंग संत्र्याच्या वेबसाइटले काहून?" मी समजावलं की ताज्या फळाला कर नाही, पण तुम्ही माझ्याकडून फळ नाही घेत, काम घेता. ते हो म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून पटलं नाही हे कळत होतं. एका शाळेचंही तसंच. शाळेला सगळं माफ असतं असा त्यांचा समज. बारावीपर्यंतच्या शाळेला प्रवेश आणि परीक्षेशी संबंधित सेवांसाठी सूट आहे, नुसती शाळेची वेबसाइट तिच्यात बसत नाही. आता तिथे मी दोन वेगळी बिलं करते.

सहा टक्क्यांची सोपी योजना का घेत नाही, असं बरेच विचारतात. पन्नास लाखांपर्यंतच्या सेवावाल्यांना ती आहे. पण तिच्यात राज्याबाहेर सेवा देता येत नाही, आणि बिलावर कर दाखवून घेताही येत नाही. माझं पांढुर्णा आणि मेलबर्न दोन्ही सुटतील. व्यापाऱ्यांना क्रेडिट मिळणार नाही ते वेगळंच.

मी काय बदललं? जाहिरातीचे पैसे घेणं बंद केलं. ग्राहकानं त्याच्या नावानं खातं उघडायचं, त्याच्या कार्डानं भरायचं, मी फक्त चालवते आणि माझं मानधन घेते. पहिले दोन महिने व्यापारी कुरकुरले, ओटीपी सांगायला सारखे फोन करावे लागत. मग सवय झाली. बिल नंबर एका ओळीत येतात, मधला गाळत नाही. वेबसाइटच्या कामाला ९९८३१४ हा कोड टाकते. विवरण तिमाही आहे. जीएसटीआर-१ तेरा तारखेला, ३बी बावीसला, आणि मधल्या दोन महिन्यांचा कर पंचवीसच्या आत. या तारखा कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिलेल्या असतात, दुधाच्या हिशेबाच्या वर. त्या दिवशी भाजी काय ते मामाजी विचारतात, तसंच 'आज तेरा हाय ना व?' असंही विचारतात.

विजेचं बिल आता मामाजींच्या नावावर आहे. त्याला नोंदणीपेक्षा जास्त वेळ लागला.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के झाले. बिझिलँडचे व्यापारी खुशीत होते. त्यांच्यापैकी एकानं फोन केला, "ताई, तुमचं पण कमी झालं असन ना?" माझं १८ च राहिलं.

दिवाळीनंतर रहाटगावची एक मुलगी आली. शिकवणीवाल्या सरांची विद्यार्थिनी. इन्स्टाग्रामची पानं सांभाळते, रील बनवते, काही काम दुबईच्या एका दुकानाचं करते. म्हणाली, "मॅडम, मी वीसच्या आत आहे, फक्त एकदा विचारून घ्यावं म्हटलं." तिच्या मोबाइलवरून आम्ही कागदावर तीन रकाने केले. मानधन, जाहिरातीचे, दुबईचे. एप्रिलपासूनची बेरीज १८,४०,००० झाली, आणि लग्नसराईचा हंगाम अजून लागायचा होता. ती आकड्याकडे बघत राहिली. मी चहा टाकला, लॅपटॉप उघडला आणि तिला घरच्या विजेच्या बिलावर कुणाचं नाव आहे ते विचारलं.